पूर्वजाचे गाव : आयर्लंडातील जन्मस्थळाचा शोध कसा करतात

आपल्याकडे अनोळखी मनुष्याची गाठ पडली म्हणजे नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न बहुधा "गाव कोणते?" हाच असतो. ज्याच्या घराण्याच्या तीन पिढ्या मुंबईत गेल्या, तोही ह्या प्रश्नाला रत्नागिरीकडील किंवा साताऱ्याकडील एखाद्या लहानशा गावाचे नाव सांगतो, आणि ते सांगताना त्यास क्षणभरही आठवावे लागत नाही. परंतु जगात असे कोट्यवधी लोक आहेत की, ज्यांना आपल्या पूर्वजांचा देश ठाऊक आहे, पण गाव ठाऊक नाही. आयर्लंड सोडून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत गेलेल्या लोकांचे वंशज ह्यांत प्रामुख्याने मोडतात. आयर्लंड बेटाची आजची वस्ती सुमारे सत्तर लाख आहे. उलट एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आपले मूळ आयरिश असल्याचे सांगणारे लोक तीन कोटींहून अधिक आहेत. ह्यांपैकी पुष्कळांच्या घरी पणजोबा-खापरपणजोबांचा एखादा कागद असतो, आणि त्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द असतो : आयर्लंड. त्या एका शब्दापासून निघून एका विवक्षित शेतापर्यंत कसे पोहोचतात, वाटेत कोणत्या अडचणी येतात, आणि शोध करणाऱ्याच्या सत्यनिष्ठेची कसोटी कोठे लागते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे लोक देश सोडून का गेले ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडातील गरीब कुळांचे मुख्य अन्न बटाटा हे होते. १८४५ साली ह्या पिकावर रोग पडला व बटाटे जमिनीतच कुजून गेले. पुढील वर्षी तर पीक बहुतेक सर्वच बुडाले. १८५२ पर्यंत टिकलेल्या त्या महादुष्काळात उपासमारीने व तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि दहा लाखांहून अधिक माणसांनी देशत्याग केला. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ भरली होती. १८५१ साली ती ६५,५२,३८५ उरली. दुष्काळ सरल्यावरही हा ओघ थांबला नाही. घरातील एक मुलगा किंवा मुलगी पुढे जाई, मोलमजुरी करून पैसे साठवी, आणि मागील भावंडांच्या तिकिटासाठी ते धाडी. निघण्याच्या आदल्या रात्री सारा गाव त्या घरी जमत असे. मेलेल्या मनुष्याजवळ रात्र जागविण्याचा जो तेथील रिवाज, त्याच रिवाजाप्रमाणे ते लोक जिवंत मनुष्यासाठी रात्र जागवीत, व तिला 'अमेरिकन वेक' असे म्हणत. कारण गेलेले लेकरू पुन्हा दृष्टीस पडेल अशी आशा आईबापांस नसे.

असा गेलेला मनुष्य पुष्कळदा निरक्षर असे. परदेशच्या बंदरात उतरल्यावर त्याचे नाव कारकून कानास ऐकू येईल तसे लिही, आणि जन्मस्थळ म्हणून देशाचे नाव लिहून मोकळा होई. गावाचे नाव त्या मनुष्याच्या ओठांवर असे, पण कागदावर येत नसे. तो मेला म्हणजे ते मुलांच्या स्मरणात, पुढे नातवंडांच्या अर्धवट ऐकिवात, आणि अखेरीस कोठेच नाही, अशी त्याची गत होई. तेव्हा वंशज जे शोधतो ते केवळ नकाशावरील एक ठिकाण नव्हे. ज्या घरी ती शेवटची रात्र जागविली गेली, ते घर तो शोधीत असतो.

आता हा शोध कठीण का, हे समजण्यास तेथील जमिनीची विभागणी ठाऊक पाहिजे. आयर्लंडात चार प्रांत व बत्तीस काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. काउंटीचे पोटभाग बॅरोनी, बॅरोनीच्या खाली मुलकी पॅरिश, आणि सर्वांत खाली 'टाउनलँड'. ह्या शेवटच्या शब्दात 'टाउन' असले तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. टाउनलँड म्हणजे स्वतंत्र नाव व ठरलेली सीमा असलेला जमिनीचा तुकडा. आपल्या महसुली कागदांतील 'मौजे' ह्या शब्दाची येथे आठवण व्हावी, परंतु टाउनलँड बहुधा मौजाहून पुष्कळ लहान असते. काही थोड्या एकरांची, तर काही हजारो एकरांची. सर्व देशात अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँडे आहेत. शोध पुरा झाला असे केव्हा म्हणावयाचे? ह्या साठ हजारांपैकी नेमके एक हाती लागले म्हणजे. काउंटीचे नाव कळणे म्हणजे वेशीपर्यंत येणे होय. घर अद्याप दूरच असते.

त्यातही घोटाळे अनेक. एकच नाव निरनिराळ्या काउंट्यांत पुन्हा पुन्हा येते. 'बॅली' हे पद लागून झालेली नावे तर शेकड्यांनी आहेत. त्याचे मूळ आयरिश भाषेतील 'बाले' ह्या शब्दात असून त्याचा अर्थ वस्ती किंवा ठिकाण असा आहे. शिवाय रोमन कॅथॉलिक लोकांचे धर्मग्राम आणि सरकारी मुलकी पॅरिश ह्यांच्या सीमा व नावे पुष्कळ ठिकाणी जुळत नाहीत. काही नावे तर साफ बदलली. किंग्ज काउंटीस आज ऑफली म्हणतात, क्वीन्स काउंटीस लीश म्हणतात, आणि लक्षावधी लोक ज्या बंदरातून जहाजावर चढले ते क्वीन्सटाउन आज कोव्ह ह्या नावाने ओळखले जाते. ही नावे १९२० च्या सुमारास पालटली. ज्याला हे ठाऊक नाही, तो नकाशावर नसलेले गाव शोधीत बसतो.

ह्या सर्वांवर कळस म्हणजे १९२२ सालची आग. डब्लिन शहरात फोर कोर्ट्स नावाच्या न्यायमंदिरांच्या आवारात देशाचा सरकारी दप्तरखाना होता. यादवी युद्धाच्या प्रारंभी त्या आवारात लढाई जुंपली, आणि ३० जून १९२२ रोजी स्फोट व आग ह्यांत दप्तरखान्याचे मुख्य कोठार नष्ट झाले. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ ह्या चार खानेसुमाऱ्यांचे घरोघरचे कागद काही तुकडे वगळता त्यात गेले, मृत्युपत्रे गेली, चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. मात्र सर्वच अपराध आगीचा नव्हे. १८६१ व १८७१ चे कागद आकडे काढून झाल्यावर सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. ह्यामुळे आज संपूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी खानेसुमारी १९०१ ची, व तिच्यामागून १९११ ची.

"आयर्लंडचे सर्व कागद जळाले" ही समजूत ह्याच आगीपासून पसरली, आणि किती तरी लोकांनी शोध आरंभिण्यापूर्वीच सोडून दिला. परंतु ही समजूत खरी नाही. कॅथॉलिक धर्मग्रामांच्या वह्या त्या दप्तरखान्यात नव्हत्याच. त्या गावोगावच्या धर्मगुरूंपाशी होत्या. जन्म, मृत्यू व विवाह ह्यांची सरकारी नोंद निराळ्या कचेरीत होती. जमिनीच्या आकारणीचे ग्रंथ छापलेले होते. जे जळाले त्याचीही भरपाई करण्याचा उद्योग चालू आहे. जगातील इतर ग्रंथालयांत व दप्तरखान्यांत राहिलेल्या प्रती आणि उतारे जमवून जळालेल्या कोठाराची संगणकावर पुनर्रचना करण्याचे एक मोठे कार्य डब्लिन येथे हाती घेण्यात आले असून, आगीस शंभर वर्षे होत असता, जून २०२२ मध्ये, ते सर्वांस खुले झाले.

तेव्हा शोध करावयाचा कसा? ह्या विद्येतील पहिला नियम असा की, आरंभ आयर्लंडात करू नये. पूर्वज जेथे मेला तेथे करावा. हे ऐकण्यास विपरीत वाटते. जन्मस्थळ जर आयर्लंडात आहे, तर तेथेच का शोधू नये? ह्याचे उत्तर असे की, आयर्लंडातील नोंदी गावावार लाविलेल्या आहेत, आणि एकाच नावाची माणसे तेथे शेकड्यांनी आहेत. गाव ठाऊक नसता तेथे मायकेल सलिव्हन शोधणे म्हणजे आपल्याकडे केवळ 'पांडुरंग पाटील' एवढ्यावर एखाद्याचे घर शोधणे होय. गावाचे नाव समुद्राच्या अलीकडल्या तीरावर, म्हणजे नव्या देशातील कागदांतच, बहुधा सापडते.

नव्या देशातील सर्वच कागद सारखे उपयोगी नसतात. अमेरिकेत १८२० पासून जहाजावरील उतारूंच्या याद्या आहेत, परंतु जुन्या याद्यांत देशापलीकडे काही नसते. तेथील नागरिकत्वाचे कागदही १९०६ पूर्वीचे असल्यास बहुधा देशाचेच नाव देतात. खरी माहिती मिळते ती अनपेक्षित स्थळी. थडग्यावरील दगडावर पुष्कळ आयरिश लोकांनी आपली काउंटी, क्वचित पॅरिशही, कोरविली. चर्चच्या विवाहनोंदीत एखादा धर्मगुरु वधूवरांचे मूळ गाव लिहून ठेवी. घरातील पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह, मरण लिहून ठेवण्याची चाल होती. न्यूयॉर्क येथे १८५० साली स्थापन झालेल्या 'एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके'त खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचे जन्मस्थळ, जहाज व आप्तांची नावे विचारून लिहीत. पैसे काढण्यास आलेला मनुष्य खराच खातेदार आहे की नाही, हे पाहण्यासाठी केलेली ही तजवीज आज वंशजांच्या उपयोगी पडत आहे. गावाचे नाव तीत पुष्कळदा मिळते.

ह्याहूनही हृदयस्पर्शी साधन म्हणजे बोस्टन येथील 'पायलट' ह्या वृत्तपत्रातील हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्या छापल्या जात होत्या. बहीण भावास शोधते, पत्नी पतीस शोधते, आई मुलास शोधते. आपलाच माणूस तो, अशी वाचणाऱ्याची खात्री पटावी म्हणून जाहिरात देणारे पॅरिश, काउंटी, देश सोडल्याचे वर्ष, बंदर, शेवटचा ठावठिकाणा असे सर्व काही छापीत. ज्यांची गाठ त्या वेळी पडली की नाही हे देव जाणे, त्यांचे गाव आज दीडशे वर्षांनी त्यांच्या पणतवंडांस त्या ओळींतून कळते.

ऑस्ट्रेलियात गेलेल्यांचे वंशज ह्या बाबतीत अधिक भाग्यवान आहेत. सरकारी मदतीने तेथे नेलेल्या लोकांच्या वह्यांत मूळ ठिकाण व आईबापांची नावे पुष्कळदा असतात. व्हिक्टोरियात १८५३ पासून व न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून सुरू झालेल्या मृत्युनोंदीतही जन्मस्थळ, आईबापांची नावे आणि वसाहतीत काढलेली वर्षे ह्यांस रकाने आहेत. मात्र मृत मनुष्य स्वतः माहिती देत नाही हे ध्यानात ठेवावे. ती देणारा मुलगा, जावई किंवा शेजारी असतो, आणि त्यास जे ठाऊक तेवढेच तो सांगतो. म्हणून कोणत्याही कागदाविषयी "हे कोणी सांगितले, आणि त्यास ते कसे ठाऊक?" असा प्रश्न करणे हे शोधकाचे पहिले कर्तव्य होय.

ह्या प्रकरणी आमच्या प्रांताचाही थोडा संबंध येतो. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील शंभर शिपायांत सुमारे ४२ आयरिश होते, आणि ईस्ट इंडिया कंपनीही आपल्या गोऱ्या पलटणींसाठी आयर्लंडात मोठी भरती करीत असे. कंपनीची जुनी मुंबईची गोरी पलटण पुढे राणीच्या सैन्यात गेली, व १८८१ साली मद्रासच्या तशाच पलटणीशी जोडली जाऊन 'रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. निवृत्तिवेतन घेऊन सुटलेल्या ब्रिटिश शिपायाच्या सुटकेच्या कागदावर त्याची पॅरिश, जवळचे शहर व काउंटी लिहिण्याची पद्धत होती. सबब दरिद्री शेतकऱ्याच्या मुलाचे गाव सापडणे जेथे दुरापास्त, तेथे शिपायाचे गाव सहज सापडते. मुंबई इलाख्यातील चर्चांमधल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुणे-खडकीच्या छावणीत जन्मलेल्या आयरिश शिपायाच्या मुलाचा माग त्यांतून काढिता येतो.

दुसरा नियम असा की, एकट्या पूर्वजाचा शोध करू नये. त्याच्या सर्व गोताचा करावा. आपल्या पूर्वजाच्या कागदावर गाव नसेल, पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या कागदावर असेल. आयरिश लोक परदेशीही आपल्या गावच्या माणसांच्या शेजारी राहत, त्यांच्याशीच सोयरिकी करीत, आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनाच धर्ममातापिता म्हणून उभे करीत. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीतील साक्षीदारांची नावे कोणी टाकाऊ समजू नयेत. मुलांची नावे ठेवण्याची चालही उपयोगी पडते. पहिल्या मुलास बापाच्या बापाचे, दुसऱ्यास आईच्या बापाचे, पहिल्या मुलीस आईच्या आईचे व दुसरीस बापाच्या आईचे नाव देण्याचा रिवाज पुष्कळ घराण्यांत होता. तो सर्वत्र पाळला गेला असे नाही. तथापि आजोबांचे नाव काय असावे ह्याचा अजमास त्यावरून बांधता येतो.

ह्याप्रमाणे गावाचे किंवा पॅरिशचे नाव हाती आले म्हणजे मगच समुद्र ओलांडावा. तेथे पोहोचल्यावर पाहावयाची साधने मुख्यतः चार. पहिले, कॅथॉलिक धर्मग्रामांच्या वह्या. सुमारे १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये महाजालावर सर्वांस विनामूल्य खुली केली. शहरांतील वह्या अठराव्या शतकापासून आढळतात. पश्चिमेकडील गरीब भागात मात्र त्या पुष्कळ उशिरा सुरू होतात. कित्येक वह्या लॅटिन भाषेत असल्यामुळे जेम्सचा 'याकोबुस' व विल्यमचा 'गुलिएल्मुस' झालेला आढळतो. ब्रिजेट नावाची मुलगी अमेरिकेत 'डीलिया' ह्या नावाने वावरे, तेही ध्यानात ठेवावे लागते. ह्या वह्यांचा मोठा गुण असा की, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव बहुधा असते. एकाच गावात पाच जॉन सलिव्हन असले, तरी पाचांच्या बायकांची माहेरे एक नसतात.

दुसरे साधन म्हणजे सर रिचर्ड ग्रिफिथ ह्यांची जमीनआकारणी. १८४७ ते १८६४ ह्या काळात ती काउंटीवार छापली गेली. तीत प्रत्येक टाउनलँडातील धारण करणाऱ्या कुळाचे नाव, त्याच्या जमीनदाराचे नाव, जमिनीचे माप व आकार दिलेला आहे, आणि प्रत्येकाचा क्रमांक नकाशावर दाखविला आहे. तो नकाशा मैलास सहा इंच ह्या प्रमाणाचा असून, १८२४ साली कर्नल कोल्बी ह्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या मोजणीचे ते फळ होय. (ह्याच मोजणीची साधने जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांनी १८२९ साली आयर्लंडात जाऊन पाहिली, व तशाच मापनपट्ट्या ते हिंदुस्थानच्या मोजणीसाठी घेऊन आले.) ग्रिफिथच्या ग्रंथात घरातील सर्व माणसे नाहीत, केवळ कूळ आहे, म्हणून देश सोडून गेलेला तरुण तेथे दिसणार नाही, त्याचा बाप किंवा थोरला भाऊ दिसेल. पुढील फेरफार ज्या वह्यांत निरनिराळ्या रंगांच्या शाईने नोंदले गेले, त्याही शिल्लक आहेत. त्यांवरून ते शेत बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे कसे गेले ते पाहता येते, आणि कधी कधी त्याच शेतावर आजही त्याच आडनावाचे माणूस भेटते.

तिसरे साधन, १८२३ ते १८३८ ह्या काळातील धर्मकराच्या आकारणीवह्या. त्यांत दुष्काळापूर्वीचे शेतकरी सापडतात. चौथे, सरकारी नोंदी. कॅथॉलिकांखेरीज इतरांच्या विवाहांची नोंद १८४५ पासून, व सर्व लोकांच्या जन्म, मृत्यू व विवाह ह्यांची नोंद १८६४ पासून आहे. त्यांस १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या जोडाव्या. पूर्वज पूर्वीच निघून गेला असला, तरी मागे राहिलेली भावंडे तेथे भेटतात.

येथे एक मौजेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९०९ च्या प्रारंभापासून सत्तर वर्षे वयाच्या गरीब माणसांस सरकारी पेन्शन मिळू लागले. परंतु १८६४ पूर्वी जन्मनोंदच नसल्यामुळे वय सिद्ध करावयाचे कसे? पुष्कळ वृद्धांनी सांगितले की, ६ जानेवारी १८३९ च्या प्रचंड वादळाची रात्र आपणांस आठवते. इतरांनी १८४१ किंवा १८५१ च्या खानेसुमारीत आपले बालपणीचे नाव शोधून देण्याची विनंती केली. कारकुनांनी मूळ कागद पाहून आईबापांची नावे व टाउनलँड अर्जांवर लिहून घेतली. पुढे मूळ कागद जळाले, अर्ज राहिले! म्हाताऱ्यांच्या तुटपुंज्या पेन्शनासाठी केलेल्या त्या खटपटीमुळे जळालेल्या खानेसुमारीचे कण आज हाती लागतात. उलट पक्षी, १९०१ पासून १९११ पर्यंतच्या दहा वर्षांत पुष्कळ माणसांची वये दहापेक्षा अधिक वर्षांनी वाढलेली दिसतात, तीही ह्याच पेन्शनामुळे, असे जाणते लोक सांगतात.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : नाव जुळले म्हणजे मनुष्य जुळला असे मानू नये. ह्याचे उत्तम उदाहरण ॲनी मूर हिचे आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर नवे प्रवेशस्थान उघडले, तेव्हा तेथून प्रथम आत गेली ती ॲनी मूर. ही कॉर्कची मुलगी 'नेव्हाडा' नावाच्या जहाजाने अँथनी व फिलिप ह्या आपल्या दोघा भावांसह आईबापांकडे आली होती. तिला सोन्याचे दहा डॉलरांचे नाणे बक्षीस मिळाले, आणि नंतर ती जगाच्या दृष्टीआड झाली. पुढे टेक्सास संस्थानात मरण पावलेली त्याच नावाची एक स्त्री हीच ती, असे मानले जाऊ लागले. पुस्तकांतून तसे छापून आले, आणि त्या स्त्रीच्या वंशजांस समारंभांत मानही मिळाला. २००६ साली मेगन स्मोलेन्याक नामक वंशशोधक बाईंनी कागदपत्रे तपासून दाखविले की, टेक्सासची ॲनी मुळी आयर्लंडात जन्मलीच नव्हती. ती इलिनॉय संस्थानात जन्मलेली होती. खरी ॲनी मूर न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, तेथेच तिचे लग्न झाले, तिची कित्येक मुले लहानपणीच दगावली, आणि १९२४ साली मरण पावल्यावर तिला नाव नसलेल्या थडग्यात पुरण्यात आले. २००८ साली त्या जागी तिच्या नावाचा दगड उभा राहिला. खोट्या कथेत पश्चिमेकडे जाणाऱ्या धाडसी वीरांगनेची शोभा होती. खऱ्या कथेत दारिद्र्य होते. तरी मान खऱ्या कथेलाच मिळाला पाहिजे, कारण मनुष्य तो मनुष्य.

उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा ह्यांचे. त्यांच्या आईच्या घराण्यात फालमथ कर्नी नावाचा पूर्वज १८५० साली आयर्लंडातून आला होता. पॅट्रिक किंवा जॉन असता तर तो गर्दीत नाहीसा झाला असता. पण फालमथ हे नाव अगदी विरळा. २००७ साली ऑफली काउंटीतील मनीगॉल ह्या खेड्याच्या आसपासच्या चर्च ऑफ आयर्लंडच्या जुन्या नोंदी तेथील पाळकांनी काढून पाहिल्या, तो कर्नी घराणे तेथे सापडले. फालमथचा बाप जोडे शिवणारा होता. २३ मे २०११ रोजी अध्यक्ष स्वतः त्या खेड्यास गेले. चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक वह्या जळाल्या असताही ह्या वह्या वाचल्या, कारण त्या डब्लिनला न जाता गावाकडे राहिल्या होत्या.

नाव विरळा नसले तर काय करावे? तेव्हा सबंध कुटुंब ताडून पाहावे. समजा, बोस्टनच्या मायकेल सलिव्हनला जॉन, ब्रिजेट व कॅथरीन ही भावंडे होती, आणि त्याच्या आईचे माहेरचे आडनाव लिअरी होते, एवढे अमेरिकेतील कागदांवरून ठरले. आता कॉर्क काउंटीच्या एखाद्या धर्मग्रामाच्या वहीत त्याच आईबापांची हीच चार मुले, वयांच्या त्याच क्रमाने, बाप्तिस्मा पावलेली दिसली. त्या बापाचे नाव ग्रिफिथच्या ग्रंथात त्याच टाउनलँडावर दिसले. आणि मायकेलच्या लग्नाचा साक्षीदार त्याच टाउनलँडच्या शेजारच्या कुळापैकी निघाला, तर मग संशयास जागा उरत नाही. ह्यांपैकी एकच गोष्ट जुळली, बाकीच्या जुळल्या नाहीत, तर "बहुधा" एवढेच म्हणून थांबावे. हल्ली रक्तसंबंध ताडणाऱ्या डीएनए-परीक्षेचीही मदत होते. ती परीक्षा गावाचे नाव सांगत नाही. पण ज्याचे गाव ठाऊक आहे असा दूरचा भाऊबंद ती दाखवू शकते. पाच पिढ्यांमागील एका पूर्वजाचा अंश आपणांत सरासरीने बत्तिसावा उरतो, म्हणून तिचाही पुरावा कागदांशी ताडूनच घ्यावा.

ह्या सर्व उद्योगाचे फळ काय, असे कोणी व्यवहारी मनुष्य विचारील. शेत परत मिळत नाही, द्रव्यही मिळत नाही. आमचे उत्तर असे की, दुष्काळात निघून गेलेल्या लोकांची गणना लाखांच्या आकड्यांत झाली, आणि आकड्यांत माणूस दिसेनासा होतो. ज्या दिवशी एखाद्या पणतीस आपल्या पूर्वजाचे टाउनलँड सापडते, त्या दिवशी त्या दहा लाखांतून एक मनुष्य निराळा निघून उभा राहतो. त्यास आईबाप असतात, भावंडे असतात, शेजारी असतात. दुसऱ्याच्या पूर्वजास आपला म्हटल्याने मात्र दोन माणसे हरवतात : आपला तो आणि त्यांचाही. म्हणून ह्या कामी धीर पाहिजे, आणि धीरापेक्षाही सत्याची चाड अधिक पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या एका ओळीसाठी परदेशचे लोक वर्षानुवर्षे दप्तरे धुंडाळतात, ती ओळ तुम्हांपैकी बहुतेकांस आज घरबसल्या मिळू शकते. बापाचे गाव आपल्याकडे सहसा कोणी विसरत नाही. पण आजीचे माहेर, तिचे माहेरचे नाव आणि तिच्या आईबापांची नावे किती जणांस सांगता येतील? लग्नानंतर नाव बदलते आणि दोन पिढ्यांत ते गाव पुसले जाते. येत्या सुटीत एक वही घ्यावी, आजीजवळ बसावे, आणि ती सांगेल ते लिहून घ्यावे. खाली तारीख घालावी, व कोणी सांगितले तेही लिहावे. जेथे खात्री नसेल तेथे तसे नमूद करावे. सांगणारे माणूस आज घरात आहे; वही उद्यावर टाकू नये.